खलनायक वस्तीत, नवरा मात्र स्वच्छ

एचबीओ वाहिनीवर २००६ ते २०११ या काळात चाललेल्या ‘बिग लव्ह’ या मालिकेबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते. सुरुवातीला खरी वाटणारी ही गोष्ट चौथ्या पर्वापासून पटेनाशी झाली, अशी. तक्रार खोटी नाही. २०१० सालच्या त्या पर्वात जेमतेम नऊ भाग, आणि त्यात कॅसिनो, निवडणूक, पक्ष्यांची तस्करी, मेक्सिकोतलं अपहरण, गर्भ रुजवण्याचं एक किळसवाणं कारस्थान, सगळं कोंबलेलं. निकीचं काम करणाऱ्या क्लोई सेविन्यीने एका मुलाखतीत हे पर्व भयंकर होतं असं सांगून टाकलं आणि मागाहून माफी मागितली. (बोलली ते खरंच होतं.) पण आपला विश्वास नेमका कुठे उडतो याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे.

गोष्ट युटा राज्यातली, सॉल्ट लेक सिटीच्या एका उपनगरातली. बिल हेन्रिक्सन हा घरसामानाच्या दुकानांचा मालक. बार्ब, निकी आणि मार्जीन या तीन बायका, सात मुलं, शेजारी शेजारी तीन घरं आणि मागे एकच अंगण. मॉर्मन चर्चने १८९० साली बहुपत्नीत्व सोडलं. ते न सोडणाऱ्या फुटीर पंथातलं हे कुटुंब, म्हणून बाहेरच्या जगापुढे सगळं चोरून.

पहिल्या पर्वात काय होतं? हिशेब होता. कोणाची रात्र कोणती याचं वेळापत्रक, ते अदलाबदल करताना सवतींची होणारी बाचाबाची, तीन घरांचा एक खर्च. साधेपणाने राहणारी निकी गुपचूप क्रेडिट कार्डावर कर्जाचा डोंगर करून बसते. बार्बला गर्भाशयाचा कर्करोग झाला तेव्हा शुश्रूषेला आलेली हीच निकी पुढे तिची सवत झाली. आजारी बाईच्या उशाशी तिची जागा घेणारी बसलेली, हे ज्यांनी आपल्या भोवतालच्या घरांत पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. बिल आणि बार्ब चोरून भेटू लागतात आणि लग्नाची बायकोच इतर दोघींच्या लेखी लफडं करणारी ठरते. पर्वाच्या शेवटी ‘आदर्श माता’ म्हणून निवड होण्याच्या बेतात असलेल्या बार्बचं बिंग राज्यपालांच्या घरी फुटतं. एवढंसंच संकट, पण छातीत धस्स होतं, कारण तिने काय काय सांभाळून ठेवलं होतं ते आपण तपशिलाने पाहिलेलं असतं.

चौथ्या पर्वात बिल राज्याच्या सिनेटची निवडणूक लढवतो, जिंकतो आणि विजयाच्या भाषणात तिन्ही बायकांना व्यासपीठावर घेऊन सत्य जाहीर करतो. इथे प्रेक्षक म्हणतात, हे कसं शक्य आहे? पण युटाचा खरा इतिहास याहून अचाट आहे. युटातल्या बायकांना १८७० सालीच मतदानाचा हक्क मिळाला होता. बाहेरच्यांची अपेक्षा अशी, की आता या बिचाऱ्या मतपेटीतून बहुपत्नीत्व मोडून काढतील. त्यांनी तसं काही केलं नाही. तेव्हा १८८७ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून त्यांचा हक्कच काढून घेतला. लग्नं केली पुरुषांनी आणि मत गेलं बायकांचं! १८७२ पासून सॉल्ट लेक सिटीत ‘विमन्स एक्स्पोनंट’ नावाचं बायकांचं नियतकालिक निघत होतं. त्याची कित्येक वर्षं संपादक असलेली एमेलीन वेल्स ही नवऱ्याच्या अनेक बायकांपैकी एक होती आणि मताधिकारासाठी हिरिरीने लिहीत होती. १८९६ साली युटाला राज्याचा दर्जा मिळाला, तेव्हा एकाच राज्यघटनेने बहुपत्नीत्वावर कायमची बंदी घातली आणि बायकांचं मत परत केलं. त्याच वर्षी डॉक्टर मार्था ह्यूज कॅनन राज्याच्या सिनेटवर निवडून आली. अमेरिकेतली ही पहिली स्त्री राज्य सिनेटर. ती अँगस कॅननची चौथी बायको होती आणि पराभूत उमेदवारांत खुद्द अँगस होता.

हे कोणी मालिकेत दाखवलं असतं तर आपण हसलो असतो. म्हणजे अशक्य घटना ही अडचण नाही. मार्थाच्या हकिगतीत प्रत्येक गोष्टीची किंमत कोणी मोजली ते दिसतं. नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यावी लागू नये म्हणून ती तान्ह्या मुलीला घेऊन युरोपात परागंदा झाली होती. सिनेटर असताना १८९९ साली तिला मूल झालं आणि ते मूलच नवऱ्याविरुद्धचा पुरावा ठरलं. मालिकेतही बिलच्या जाहीर सत्याची किंमत बायकाच मोजतात. दूरदर्शनवरून दागिने विकून मार्जीनने स्वतःच्या हिमतीवर उभा केलेला धंदा बसतो. पण मालिकेला तिथे थांबायला सवड नाही, तिला पुढच्या भानगडीकडे धावायचं आहे.

माझा खरा आक्षेप याच्या मुळाशी आहे. या मालिकेत जुलूम नेहमी दुसरीकडे राहतो. जुनिपर क्रीक नावाच्या वस्तीत म्हातारा ‘प्रेषित’ रोमन ग्रँट चौदा वर्षांच्या मुलीशी लग्न ठरवतो, पोरांना हाकलून देतो. म्हाताऱ्यांनी अनेक बायका करायच्या तर तरुण मुलगे जास्तच होणार, हा साधा हिशेब आहे. बिलही असाच चौदाव्या वर्षी हाकलला गेलेला. ही वस्ती हवेतून आलेली नाही. मालिका सुरू झाली त्याच २००६ साली खरा ‘प्रेषित’ वॉरन जेफ्स पकडला गेला, आणि ती संपली त्या २०११ साली अल्पवयीन मुलींवरच्या अत्याचारासाठी त्याला टेक्ससमध्ये जन्मठेप झाली. पण सगळं पाप त्या वस्तीच्या पदरात टाकलं की उपनगरातला बिल आपोआप सज्जन ठरतो. प्रेमळ, कष्टाळू, प्रार्थना करणारा. मग त्याच्या घरातल्या सत्तेची चर्चा बंद होते आणि नाट्य बाहेरून आणावं लागतं. तस्करी, गोळीबार, अपहरण.

पाचव्या पर्वात एकदा दरवाजा उघडला होता. लग्नाच्या वेळी आपण सोळा वर्षांच्या होतो, हे मार्जीन सांगते. बिलला ते ठाऊक नव्हतं, अशी सोय लेखकांनी करून ठेवली आहेच. तरी जुनिपर क्रीक आणि बिलचं अंगण यांच्यातली भिंत तिथे पडते. आता बिल काय करणार, याचं उत्तर द्यायच्या ऐवजी शेजारी येऊन त्याला गोळी घालतो आणि तो हुतात्मा होतो.

त्याच पर्वात कागदाचा एक धागा आहे, तो मात्र मला फार खरा वाटला. निकीच्या आधीच्या लग्नातल्या मुलीला कायदेशीर आसरा मिळावा म्हणून बार्बने घटस्फोट घ्यायचा आणि बिलने निकीशी नोंदणीने लग्न करायचं. वीस वर्षांचा संसार आणि हाती उरतो तो कागद, तोही सवतीला द्यायचा. आपल्याला हे परकं नाही. मुंबई प्रांतात १९४६ पासून हिंदूंमध्ये दुसरी बायको करणं गुन्हा आहे आणि १९५५ पासून देशभर. तरी १९६५ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात दुसऱ्या लग्नात विधी पूर्ण झाले नव्हते म्हणून नवरा सुटला, आणि १९८८ साली दुसरी बायको ही पत्नीच नव्हे म्हणून तिची पोटगी गेली. फसवून लग्न केलेल्या बाईला पोटगीपुरती पत्नी मानायला सर्वोच्च न्यायालयाला २०१३ साल उजाडलं. नवऱ्याला विधी अपुरे म्हणून सूट आणि बाईला लग्न अवैध म्हणून शिक्षा, ही कसरत कोणत्याही मालिकेपेक्षा अविश्वसनीय आहे.

युटाने २०२० साली कायदा बदलला. सज्ञान माणसांच्या संमतीने चालणारं बहुपत्नीत्व आता तिथे किरकोळ अपराध आहे. जबरदस्ती, फसवणूक किंवा अल्पवयीन मुलगी असेल तर गुन्हा गंभीरच. या बदलाच्या बाजूने एक युक्तिवाद असा होता की, तुरुंगाच्या भीतीने बायका मारहाणीची तक्रारही करत नाहीत. विरोधात पंथांतून बाहेर पडलेल्या बायकाच उभ्या होत्या, संमती म्हणजे काय ते आम्हाला विचारा म्हणत. बिलच्या तीन घरांतल्या एका स्वयंपाकघरात हा वाद पाच पर्वं चालवता आला असता. बार्ब एका बाजूला, निकी दुसऱ्या, आणि मधे मार्जीन, जी सोळाची असताना ‘हो’ म्हणाली होती.