कळ आणि कळकळ

विद्यादानासारखे पुण्य नाही, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. परंतु विद्या ज्या साधनाने यावयाची ते साधन पालटले, म्हणजे दानाची रीतही पालटावी लागते, इकडे आपले लक्ष सहसा जात नाही. पाटी-पेन्सिल, वह्या-पुस्तके आणि परीक्षेची फी एवढ्याने एखाद्या होतकरू मुलाची सोय होई, असे दिवस होते. आज त्याच मुलास प्रवेशाचा अर्ज भरावयाचा, शिष्यवृत्ती मिळवावयाची, नोकरीची जाहिरात पाहावयाची, तर संगणकाशी गाठ आहे. म्हणून जगातील तरुण मुलामुलींना हे साधन आणि त्याचे शिक्षण कितपत मिळते, आणि ते मिळवून देण्याच्या प्रयत्नांचे काय झाले, याचा थोडा विचार या महिन्यात वाचकांपुढे ठेवावा असे आम्ही योजिले आहे.

प्रथम आकडे पाहू. २०२० साली युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून एक अहवाल काढला. जगातील ३ ते १७ वर्षे वयाच्या मुलांपैकी दोन-तृतीयांश, म्हणजे सुमारे १३० कोटी मुलांच्या घरी इंटरनेट नाही, असे त्यात नमूद होते. शाळा बंद पडलेल्या त्या वर्षी ‘घरी बसून शिका’ या उपदेशाचा त्या मुलांना काय उपयोग झाला असेल, हे सुज्ञ वाचकांस सांगणे न लगे. त्याच संघाच्या २०२४ सालच्या पाहणीप्रमाणे जगातील सुमारे २६० कोटी माणसे या जाळ्याच्या बाहेर होती. श्रीमंत देशांत शंभरांतील ९३ जण आत, तर अत्यंत गरीब देशांत अवघे २७. विषमता जुनीच आहे. तिने नवे वस्त्र परिधान केले आहे, इतकेच.

ही दरी दिसताच पहिला उपाय सुचतो तो यंत्रे वाटण्याचा. तो सरळ आहे, डोळ्यांत भरणारा आहे आणि समारंभास सोयीचाही आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्‌स तंत्रशास्त्र संस्थेचे निकोलस निग्रोपाँटी यांनी २००५ साली ट्युनिस येथील जागतिक परिषदेत शंभर डॉलरच्या संगणकाचा नमुना जगापुढे ठेवला. हिरव्या रंगाचे, हाताने फिरविण्याची दांडी बसविलेले ते सुबक यंत्र पाहून कित्येक देशांचे राज्यकर्ते हरखून गेले. ‘प्रत्येक मुलास एक संगणक’ हे त्या योजनेचे ब्रीद होते. पुढे यंत्र प्रत्यक्षात आले तेव्हा दांडी गळाली होती आणि किंमत १०० वरून १८० डॉलरच्या पलीकडे गेली होती. तथापि दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने आठ लाखांहून अधिक यंत्रे घेतली आणि अँडीज पर्वतातील दूरदूरच्या शाळांपर्यंत ती पोहोचविली. हेतू उदात्त होता, यात शंका नाही.

फळ काय मिळाले? २०१२ साली आंतर-अमेरिकी विकास बँकेने तेथील ३१९ शाळांची पाहणी प्रसिद्ध केली. मुले संगणक हाताळू लागली होती, तर्कबुद्धीच्या काही कसोट्यांत थोडी पुढेही होती. परंतु गणितात आणि भाषेत यंत्रे मिळालेल्या व न मिळालेल्या शाळांत फरक दिसला नाही. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते आणि शिक्षकांच्या तयारीकडे पुरेसे लक्ष दिले गेले नव्हते. आपल्याकडे म्हणतात ना, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत! चणे तर पोत्यांनी आले. ते चावून खावयास शिकविणारा मात्र कोणी नव्हता.

याच्या उलट टोकाचा एक प्रयोग आपल्याच देशात झाला. २६ जानेवारी १९९९ रोजी डॉ. सुगत मित्रा यांनी दिल्लीतील कालकाजी येथे आपल्या कचेरीच्या भिंतीस भोक पाडून त्यात एक संगणक बसविला. पलीकडे झोपडवस्ती होती. कोणी शिकविणारा नसताना मुले तो हाताळू लागली, एकमेकांस दाखवू लागली आणि थोड्याच दिवसांत त्यांना बऱ्याच युक्त्या अवगत झाल्या. मुलांच्या अंगी शिकण्याची केवढी उपजत शक्ती असते, हे त्या भिंतीने जगास दाखविले. परंतु ती भिंत पाहून आलेल्या अभ्यासकांनी दुसरी बाजूही नोंदविली आहे. बरीच मुले खेळ आणि चित्रे यांतच रमत, त्यांच्या भाषेतील मजकूर त्या पडद्यावर नव्हता आणि दांडग्या मुलांच्या गर्दीत मुली मागे राहत. कुतूहल हा विद्येचा आरंभ खरा. तथापि त्यास वळण लावणारे कोणी नसेल, तर ते चव्हाट्यावरच घुटमळत राहते.

मग यश कोठे आले? आमच्या मते उरुग्वे या चिमुकल्या देशाचे उदाहरण मनन करण्यासारखे आहे. लोकवस्ती सुमारे ३५ लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या शहराएवढी. राष्ट्राध्यक्ष ताबारे वास्केस यांनी २००७ साली कार्दाल नावाच्या लहानशा गावातून ‘सेइबाल’ योजनेस प्रारंभ केला आणि २००९ अखेर सर्व सरकारी प्राथमिक शाळांतील मुलांच्या हाती संगणक आला. यंत्रे तीच, पेरूने घेतली त्याच जातीची. पहिल्या दोन वर्षांत तेथेही गणिताच्या आणि वाचनाच्या गुणांत फरक पडला नाही. परंतु ते तेथेच थांबले नाहीत. शाळाशाळांत इंटरनेट नेले, मोडक्या यंत्रांच्या दुरुस्तीची व्यवस्था लावली आणि मुख्य म्हणजे शिक्षकास वाऱ्यावर सोडले नाही.

इंग्रजीचे शिक्षक पुरेसे मिळेनात, तेव्हा २०१२ पासून त्यांनी एक नामी तोड काढली. दूरच्या गावी किंवा परदेशी असलेला शिक्षक आठवड्यातून एकदा पडद्यावरून पाठ देतो आणि उरलेले दिवस वर्गातीलच बाई तो पाठ मुलांकडून घोटून घेतात. त्या बाईंना इंग्रजी येत असलेच पाहिजे असा आग्रह नाही. त्या मुलांबरोबरच शिकतात. २०२० साली महामारीने शाळा बंद पडल्या तेव्हा या देशाजवळ यंत्रे, जाळे आणि त्यांस सरावलेले शिक्षक असे तिन्ही होते. तेरा वर्षांची ती शिदोरी ऐन अडचणीत कामी आली.

दुसरे उदाहरण ब्राझीलचे. रिओ दी जानेरो शहराच्या डोंगरउतारावरील सांता मार्ता या गरीब वस्तीत रॉद्रिगो बाजिओ या तरुणाने १९९५ साली संगणकाची शाळा काढली. आरंभ वापरलेले जुने संगणक गोळा करण्यापासून झाला. परंतु नुसती यंत्रे देऊन भागत नाही, हे त्याच्या लवकरच ध्यानी आले. म्हणून शाळा वस्तीतील लोकांनीच चालवावी, शिक्षक तेथलेच तयार करावे आणि संगणकाचे धडे आरोग्य, हक्क, पर्यावरण अशा वस्तीच्याच प्रश्नांभोवती गुंफावे, अशी पद्धत त्याने घातली. उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार नसल्यामुळे ते रोपटे रुजले आणि त्याच्या फांद्या ब्राझीलबाहेरही गेल्या.

इतक्या दूर कशाला, आपल्या केरळ राज्याकडे पाहा. २००१ साली तेथे शाळांतून संगणकशिक्षणाची योजना सुरू झाली. तीत शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर दिला गेला आणि महागड्या परवान्यांच्या प्रणालीऐवजी कोणासही विनामूल्य वापरता येतील अशा मुक्त प्रणाली मल्याळम भाषेसह शाळांत रुजविल्या. २०१८ पासून तेथील शाळाशाळांतून विद्यार्थ्यांची ‘लिटल काइट्‌स’ ही मंडळे चालू आहेत. त्यांतील मुलांनी आपल्या आयांना इंटरनेटच्या सुरक्षित वापराचे धडे दिले आहेत. लेकराने आईस शिकवावे, यासारखे गोड दृश्य दुसरे कोणते?

यावर कोणी म्हणेल, ‘आता पोराटोरांच्या हातात फोन आहे, शिकवायचे ते काय राहिले?’ या शंकेचे उत्तर ‘असर’च्या २०२३ सालच्या पाहणीत मिळते. ग्रामीण भारतातील १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास घरांत स्मार्टफोन होता आणि तो वापरताही येत होता. परंतु फोन हाती देऊन कामे सांगितली तेव्हा गजर लावणे दोन-तृतीयांशांनाच जमले आणि नकाशावरून वाट शोधणे एक-तृतीयांशाहून थोड्या अधिकांना. हाती यंत्र असणे निराळे आणि त्यावर हुकमत असणे निराळे.

त्याहून मनास लागणारी गोष्ट पुढेच आहे. फोन वापरता येणाऱ्यांत ज्यांच्याजवळ स्वतःचा फोन होता, अशा मुलांचे प्रमाण मुलींच्या दुपटीहून अधिक होते आणि सांगितलेल्या प्रत्येक कामात मुली मागे होत्या. त्यांची बुद्धी कमी म्हणून नव्हे. सराव कमी म्हणून. भावाचा फोन भावाचा आणि बहिणीस तो ‘जरा वेळ’ मिळावयाचा, ही रीत केवळ खेड्यांतली आहे असे कोणी मानू नये. आपल्या सुशिक्षित घरांतही धाकट्या मुलाची संगणकाची हौस ‘आवड’ ठरते आणि मुलीची हौस ‘वेळ घालवणे’ ठरते. वाचकांनी आपापल्या घरी क्षणभर डोकावून पाहावे, एवढीच आमची विनंती.

भाषेचा प्रश्नही आम्हा बृहन्महाराष्ट्रीयांस जिव्हाळ्याचा आहे. संगणक म्हणजे इंग्रजी, ही समजूत आता टिकणारी नाही. भारतीय लिप्यांसाठी जो ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक ठरविण्यात आला, त्यात सर्व लिप्यांची अक्षरे उच्चाराच्या क्रमाने त्याच त्याच कळांवर आहेत. ‘क’ची जी कळ मराठीत, तीच गुजरातीत. घरी मराठी आणि दारी गुजराती बोलणाऱ्या आमच्या मुलांस एका कष्टात दोन लिप्या हस्तगत होतात, हा लाभ थोडा नव्हे. महाराष्ट्रात २००१ साली सुरू झालेल्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमाने मराठीतून संगणक शिकता येतो, हे खेडोपाडी सिद्ध केले आहे.

या साऱ्याचा विचार करताना आम्हांस आमच्या बडोद्याचीच आठवण होते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो संस्थानभर लागू केला. परंतु शाळेत शिकलेले अक्षर पुढे वाचावयास पुस्तक नसेल तर पुसून जाईल, हे त्या द्रष्ट्या पुरुषाने ओळखले. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून बॉर्डन यांस बोलावून ग्रंथालयांचे जाळे विणावयास सांगितले. लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये गावोगाव गेली. गावाने काही रक्कम उभी करावी, तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी, असा नेम होता; म्हणून गावास ते ग्रंथालय आपले वाटे. आणि नुसती पुस्तके वाटून न थांबता ग्रंथपाल तयार करण्याचा वर्गही बॉर्डन यांनी काढला. साधन, माणूस आणि गावाचा स्वतःचा वाटा ही त्रयी बडोद्याने शंभर वर्षांपूर्वी जुळविली होती. पेरूत जे उणे पडले आणि उरुग्वेत जे साधले, त्याचे मर्म हेच नव्हे काय?

आपल्या समाजात यंत्रांचा तुटवडा फारसा नाही. कित्येक घरांत चालू स्थितीतील जुने संगणक कापडाखाली झाकून पडले आहेत. मंडळांची सभागृहे दुपारी रिकामी असतात. आणि आयुष्यभर बँकांत, कारखान्यांत, शाळांत संगणकावर काम करून निवृत्त झालेले स्त्री-पुरुष तर गल्लोगल्ली आहेत. आठवड्यातून दोन दुपारी दोन-दोन तास त्यांनी दिले, आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंची मुलगी, रखवालदाराचा मुलगा यांस त्या वर्गात मानाने बसविले, मुलींसाठी जागा आधी राखली आणि नाममात्र का होईना पण शिकणाऱ्याचाही वाटा घेतला, तर कोणत्याही सरकारी योजनेची वाट पाहावी लागणार नाही. देणगीची पावती फाडून आपले कर्तव्य संपले असे मात्र कोणी समजू नये. पैशाने यंत्र येते, शेजारी बसणारे माणूस येत नाही.

असो. कळ दाबली की यंत्र चालते, हे खरे. परंतु ती कळ कोणाच्या बोटाखाली यावी आणि त्या बोटास वळण कोणी लावावे, हे यंत्र ठरवीत नाही. त्यासाठी कळकळ लागते आणि ती आमच्या वाचकांजवळ उदंड आहे, असा आमचा आजवरचा अनुभव आहे.