आजीचा ट्रॅक मिसिंग!

दिवसभर एक्सेल, रात्री अकरानंतर हेडफोन. ऑफिसातल्या कोणालाही विचारा, दहांत एक तरी असा छुपा ए. आर. रहमान सापडतोच. मीही त्यातलाच. आणि आपल्या सगळ्यांना कधी ना कधी तो मेसेज येतोच: डिस्क फुल!

येणारच. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झवर मोनो रेकॉर्डिंग केलं तर मिनिटाला साधारण ८ एमबी जातात. चार मिनिटांचं गाणं आणि वीस ट्रॅक, म्हणजे झाले की साडेसहाशे एमबी! त्यात आपण गायक कसले, एकेका ओळीचे पंधरा टेक.

मग मीही सगळ्यांसारखं केलं. नवी एक्स्टर्नल ड्राइव्ह आणली, प्रोजेक्टचं फोल्डर तिच्यावर कॉपी केलं, तिथून उघडून बघितलं. सगळं मस्त वाजलं. खूश होऊन जुना लॅपटॉप फॉरमॅट मारला आणि मावसभावाला देऊन टाकला. आठवड्याने तेच गाणं उघडलं, तर आजीचा ट्रॅक गायब. आजीच्या पाच ओव्या, मी फोनवर रेकॉर्ड केलेल्या. आजी आता नाही.

झालं काय होतं? प्रोजेक्टच्या फाइलमध्ये आवाज नसतोच हो! असतात ते फक्त पत्ते: अमुक फाइल तमुक फोल्डरमध्ये. आजीची फाइल मी डेस्कटॉपवरून ओढून टाकली होती. त्यामुळे नव्या ड्राइव्हवरून उघडलं तेव्हाही सॉफ्टवेअर गुपचूप जुन्या डेस्कटॉपवरूनच ती वाजवत होतं. मला वाटलं शिफ्टिंग झालं. कसलं डोंबलाचं!

तेव्हा दोस्तहो, आधी सगळं सामान एका घरात आणा. एबलटन लाइव्हमध्ये फाइल मेनूत ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’ आहे, ते बाहेरच्या फाइल्स प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये आणून ठेवतं. रीपरमध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’ करताना मीडिया कॉपी करायची टिकमार्क असते. एफएल स्टुडिओवाल्यांनी झिप्ड लूप पॅकेज एक्स्पोर्ट करावं. ऑडॅसिटीची गंमत वेगळी. २०२१ मध्ये ३.० व्हर्जन आली तेव्हापासून सगळं एकाच फाइलमध्ये राहतं. पण त्याआधीचे प्रोजेक्ट असतील तर नुसती .aup फाइल नव्हे, तिच्या शेजारचं ‘_डेटा’ फोल्डरही सोबत न्यायचं, नाहीतर हातात नुसता सांगाडा उरतो.

ड्राइव्ह विंडोज आणि मॅक दोन्हींवर फिरवायची असेल तर एक्सफॅट फॉरमॅट घ्या. एनटीएफएसवरचं मॅक वाचतो, पण आपणहून लिहीत नाही. आणि फॉरमॅट कॉपी करण्याआधी, बरं का! नंतर केलात तर मला फोन करू नका.

आता खरी परीक्षा. कट-पेस्ट अजिबात नाही, फक्त कॉपी. मग जुन्या फोल्डरचं नाव बदला. डेस्कटॉप, डाउनलोड्समधल्या ऑडिओ फाइल्सही दुसऱ्या नावाच्या फोल्डरमध्ये सरकवा. आता नव्या ड्राइव्हवरून गाणं उघडा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. जे हरवायचं ते आत्ताच हरवेल, आणि परत आणता येईल. दोन-तीन आठवडे असेच काढा, मगच डिलीट. तेही दुसरी एक कॉपी आणखी कुठेतरी असेल तरच. नवी ड्राइव्हही एक दिवस टेबलावरून पडणारच आहे.

माझं काय झालं? त्यातल्या दोन ओव्या मी तेव्हा मावशीला फोनवरून पाठवल्या होत्या. तिने काहीच डिलीट केलेलं नव्हतं, गुड मॉर्निंगचे फोटोसुद्धा नाही. दोन मिळाल्या. क्वालिटी यथातथा, मागे कुकरची शिट्टी. उरलेल्या तीन गेल्या. गाणं आता दोनच ओव्यांचं आहे, आणि शिट्टी मी काढलेली नाही.