ढोंग म्हणून मोकळे होऊ नका

अंगात येणे म्हणजे ढोंग, हे ठणकावून सांगण्यात आपल्यातल्या अनेकांची तरुणपणाची वर्षे गेली. ते काम गरजेचे होते. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे याविरुद्ध महाराष्ट्रात कायदा व्हायला २०१३ साल उजाडावे लागले, आणि तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. पण या लढाईत आपल्याला एक वाईट खोड लागली. एखादी बाई वेगळ्याच आवाजात बोलू लागली की आपल्याकडे तिच्यासाठी दोनच खाने असतात: फसवणारी किंवा फसलेली. दाभोलकर स्वतः डॉक्टर होते आणि इतके सोपे बोलत नव्हते. ढोंगाबरोबर स्वसंमोहन आणि मानसिक आजार हीही कारणे ते मांडत. आपण त्यातले पहिले तेवढे लक्षात ठेवले.

ओळखीतल्या एका बाईंची हकिकत, त्यांच्या संमतीने आणि ओळख लपवून, सांगते. त्या हिशेबाचे काम करतात आणि कामात चोख आहेत. इथे दुबईत, रास अल खोरच्या औद्योगिक भागातल्या एका गॅरेजमध्ये त्या गाडी आणायला गेल्या होत्या. तिथे कुणीतरी कुणावर तरी ओरडले, इथपर्यंत त्यांना आठवते. दोन तासांनी त्या भानावर आल्या तेव्हा जवळच्याच पाणथळ अभयारण्यात, फ्लेमिंगो पाहण्यासाठी बांधलेल्या निरीक्षण-कुटीत बसलेल्या होत्या. गाडी नीट लावलेली, किल्ली पर्समध्ये. मधले काहीच आठवत नाही. घरीही कधी कधी त्या लहान मुलीसारख्या बोलत आणि नंतर 'मी कुठे असे बोलले?' म्हणत.

सासूबाईंनी फोनवर विचारले, कुलदैवताचे काही राहून गेले आहे का? आमच्या पुरोगामी कंपूतल्या एकाने 'लक्ष वेधून घेण्याचे प्रकार' असा निकाल दिला. या दोघांत मला सासूबाई अधिक माणुसकीच्या वाटल्या. निदान त्यांनी सुनेला खोटे ठरवले नाही. भार्गवी दावर आणि मधुरा लोहोकरे यांनी २००९ मध्ये महाराष्ट्रातल्या दर्ग्यांवर आणि तिथे आघातातून सावरू पाहणाऱ्या माणसांवर लेख लिहिला होता, तो आपण वाचायला हवा. तिथे जाणाऱ्या बाईला कुणी 'नाटक करू नकोस' म्हणत नाही. म्हणून काही मी दर्ग्याची शिफारस करत नाही. एरवाडीला २००१ मध्ये साखळदंडात बांधलेली २८ माणसे आगीत मेली, हे विसरता येत नाही.

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, माझी डॉक्टरेट रसायनशास्त्रातली आहे. पण पुरावा वाचायची सवय आहे, आणि इथे तो पुरेसा आहे. लहान मूल पळू शकत नाही, मारू शकत नाही, आणि इजा करणारा माणूस घरातलाच असतो. अशा वेळी मन तो अनुभव बाकीच्या जगण्यापासून तोडून बाजूला ठेवते. याला डिसोसिएशन म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये पिएर जाने यांनी ते मांडले. वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा झालेल्या आघाताचा परिणाम एकाच अपघाताच्या परिणामाहून वेगळा असतो, हे ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये ठामपणे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात कॉम्प्लेक्स पीटीएसडी हे स्वतंत्र निदान आहे. अंगात येण्याचा विकारही त्यात आहे, पण अट घालून: ते नकळत, नको असताना, समाजमान्य विधीच्या बाहेर होत असेल आणि त्याने जगणे विस्कटत असेल तरच. अष्टमीला घागर फुंकणाऱ्या आत्याबाईंना कुणी रुग्ण ठरवत नाही.

उपचार कसा करतात? हर्मन यांनी तीन टप्पे सांगितले: आधी सुरक्षितता, मग आठवणी आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणे. पहिला टप्पा प्रत्येकाला किती लांब हवा यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण भान हरपणाऱ्या माणसाला थेट आठवणींत ढकलू नये, याला फारसा विरोध नाही. त्यामुळे सुरुवात अगदी साधी असते. पाय जमिनीला टेकवा, समोरच्या पाच वस्तूंची नावे घ्या, आज तारीख काय ते सांगा. लहान मुलीचा आवाज आला तर त्याला दटावायचे नाही आणि त्याची उलटतपासणीही करायची नाही. १९८०-९०च्या दशकांत अमेरिकेत काही थेरपिस्टांनी संमोहनातून, सूचक प्रश्नांतून आठवणी उकरल्या. त्यातल्या काही खोट्या निघाल्या, कोर्टकज्जे झाले, आणि खरे सोसलेल्यांवरही लोकांचा विश्वास बसेनासा झाला. पहिल्याच भेटीत 'बालपणी काय झाले ते सगळे सांगा' म्हणणाऱ्या थेरपिस्टाला नमस्कार करून परत यावे.

आपली अनिवासी पद्धत याच्या नेमकी उलट आहे. तीन आठवड्यांच्या रजेत पुण्याला जायचे, दात, डोळे, बँक आणि 'ते मनाचे' एकदम उरकायचे. हे काम वर्षांचे आहे, दर आठवड्याचे, ठरल्या वेळेचे. आठवणी मराठीत असतील तर थेरपिस्टही शक्यतो मराठी असावा. पडद्यावरून आता ते जमते, घड्याळाचा फरक दीड तासाचा. पण दार लावून बसता येईल अशी खोली लागते. इथल्या एका खोलीच्या फ्लॅटमध्ये ती नसते, म्हणून बायका पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलतात.

आणि सुरक्षितता म्हणजे काय? जिचा व्हिसाच नवऱ्याच्या नावावर आहे आणि आघातही त्याच्याकडूनच आहे, तिला श्वासाचे व्यायाम शिकवून भागत नाही. तिला आधी वकील हवा, राहायला जागा हवी, नोकरी हवी. आपल्या मंडळांतून दरवर्षी कोलेस्टेरॉल आणि गुंतवणूक यांवर व्याख्याने होतात. दोन वकील आणि चार जाणकार मराठी थेरपिस्ट यांची नावे मात्र कुणाकडे तयार नसतात.

याहून अवघड गोष्ट घरातच आहे. ज्या काकांनी तेव्हा त्या मुलीचे बालपण नासवले, तेच काका हिवाळ्यात दुबई बघायला येतात, हॉलमध्ये त्यांच्यासाठी गादी घातली जाते आणि तिने चहा द्यायचा असतो. अशी एकाहून अधिक सुशिक्षित घरे मला ठाऊक आहेत. थेरपिस्ट यात काही करू शकत नाही. 'या वर्षी येऊ नका' हा फोन घरच्यांनीच करायचा आहे, आणि तोही तिला कारण उलगडून सांगायला न लावता.