नवी मुंबई विमानतळाचा पहिला पावसाळा : होडी शाकारता येते, विमान नाही

जूनच्या तोंडावर रेवदंडा, मुरूड, करंजा, कुठल्याही बंदरावर जा, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या दिसतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे होडी शाकारायची, बूड खरवडायचं, रंग काढायचा, इंजिन उघडून बघायचं. पुढच्या हंगामाची तयारी याच दोन महिन्यांत होते.

त्याच रायगड जिल्ह्यात, पनवेलच्या खाडीकाठी, २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं उतरायला लागली. ३,७०० मीटरची धावपट्टी, पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता, हे आकडे तुम्ही रील्समध्ये पाहिले असतील. आता या विमानतळाचा पहिला पावसाळा येतोय. विमानाला दोन महिने सुट्टी नसते. हंगामाची तयारी रात्री दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात उरकायची असते.

किनाऱ्यावरच्या माणसाला खारी हवा समजावून सांगायला नको. खिडकीचं ग्रिल, बाइकची चेन, फोनचा चार्जिंग पोर्ट, सगळं तिथे लवकर जातं. पण विमान तर ॲल्युमिनियमचं, मग त्याला गंज कसा? शुद्ध ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तो आतल्या धातूला वाचवतो. पण नुसतं ॲल्युमिनियम विमानासाठी फार मऊ. म्हणून त्यात तांबं किंवा जस्त मिसळतात. ताकद वाढते, पण गंजाशी झुंजायची क्षमता कमी होते. मिठातला क्लोराइड तो संरक्षक थर भेदतो आणि धातूत टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. शिवाय स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा पत्रा यांच्यामध्ये खारट ओल शिरली की तिथे चक्क एक छोटी बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. रंगाखाली चाललेलं हे काम बाहेरून दिसत नाही.

आता त्यात दाबाचा मुद्दा मिळवा. फोनच्या बॅटरीचं वय जसं वर्षांपेक्षा चार्जिंग सायकलमध्ये मोजतात, तसंच विमानाच्या सांगाड्याचं असतं. दर उड्डाणात केबिनमध्ये हवेचा दाब भरतो आणि उतरताना कमी होतो. म्हणजे सांगाडा फुगतो, बसतो. गंजाच्या खड्ड्यापाशी तडा सुरू झाला की प्रत्येक सायकलला तो थोडा पुढे सरकतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण हवाईचं. २८ एप्रिल १९८८, अलोहा एअरलाइन्सचं बोइंग ७३७. बेटा-बेटांमधल्या छोट्या फेऱ्या, सतत समुद्राची हवा, १९ वर्षांत ८९,६८० उड्डाणं. २४ हजार फुटांवर पुढच्या भागाचं छत उडून गेलं. एका हवाई सेविकेचा जीव गेला. विमान तशा अवस्थेतही उतरलं. चौकशीत कळलं की चढताना एका प्रवासी बाईला दरवाजाजवळ तडा दिसला होता, ती कुणाला बोलली नाही. चौकशीने मुख्य ठपका मात्र देखभालीवर ठेवला, आणि ते बरोबरच होतं. त्यानंतर जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम जगभर कडक झाले. नवी मुंबईत येणारी बरीच विमानं नव्या पिढीची आहेत, त्यामुळे लगेच घाबरायचं कारण नाही. पण छोट्या फेऱ्या आणि खारी हवा ही जोडी इथेही आहेच.

शर्यतीच्या विमानांचा हिशोब तर याहून क्रूर. हो, विमानांच्याही शर्यती होतात! अमेरिकेत रेनोला १६ सप्टेंबर २०११ रोजी एक पी-५१ मस्टँग प्रेक्षकांजवळ कोसळलं, वैमानिकासह ११ जण गेले. हे विमान शर्यतीसाठी खूप बदललेलं होतं. कारण काय निघालं? शेपटीवरच्या एका छोट्या पट्टीचे स्क्रू सैल झाले होते, कारण त्यांना धरून ठेवणाऱ्या लॉकनटची आतली पकड झिजली होती. जास्तीच्या वेगात ती पट्टी फडफडली आणि खेळ संपला. लाखो डॉलर इंजिनावर, आणि घात केला नटने.

पावसाळ्यात धावपट्टीचीही परीक्षा असते. टायर पाण्यावर कधी तरंगायला लागतो याचा एक जुना ठोकताळा आहे : टायरमधल्या हवेच्या दाबाचं (पीएसआयमध्ये) वर्गमूळ काढा, नऊने गुणा, उत्तर नॉटमध्ये. कारचा ३२ पीएसआयचा टायर ताशी साधारण ९४ किलोमीटरला तरंगू शकतो. विमानाचा २०० पीएसआयचा टायर २३५ किलोमीटरच्या आसपास. आणि जेट उतरतंच २४०-२६० च्या वेगाने! म्हणून टायरच्या खाचा, धावपट्टीचा खरखरीतपणा, तिच्यावर साचलेलं रबर खरवडणं, हे सगळं महत्त्वाचं. मुंबई विमानतळ दरवर्षी पावसाळ्याआधी दोन्ही धावपट्ट्या सहा तास बंद ठेवून हेच करतं. तरी २१ जुलै २०२५ ला मुसळधार पावसात कोचीहून आलेलं एअर इंडियाचं विमान धावपट्टीबाहेर गेलंच.

माझ्या मते या विमानतळाबद्दलची चर्चा टर्मिनलच्या कमळाच्या आकारावरच अडकलीय. दहा गावांनी जागा सोडली, त्यांच्या मुलांना नोकऱ्या मिळणार असं सांगितलं गेलं. पण कुठल्या नोकऱ्या? ट्रॉली ओढणं हीही नोकरीच, आणि विमानाच्या कागदावर 'उडायला योग्य' अशी सही करणं हीसुद्धा. ही सही फक्त लायसन्सधारक एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर करू शकतो. त्यासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं, मग डीजीसीएने मान्य केलेल्या संस्थेतलं प्रशिक्षण, परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव. चारेक वर्षं सहज जातात. म्हणजे आज अकरावीत असलेल्या उलव्याच्या मुलीने ठरवलं तर २०३०-३१ च्या सुमारास ती सही करू शकेल.

फी भरण्याआधी एक काम करा. संस्थेचं नाव डीजीसीएच्या साइटवरच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का ते स्वतः शोधा. नावात 'एव्हिएशन' असलेल्या प्रत्येक कोर्सने लायसन्स मिळत नाही. ग्राउंड स्टाफ आणि केबिन क्रूचे कोर्स वेगळे, हे जाहिरातीत मुद्दाम बारीक अक्षरात असतं.