पासवर्ड देताना आपण आपली सही देतो



गणपतीत कोकणातलं प्रत्येक घर भरतं. मुंबईहून, पनवेलहून माणसं येतात, पिशव्या ओटीवर टेकवतात, पाणी पितात आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "वायफायचा पासवर्ड काय रे?" घरातलं सातवी-आठवीतलं पोर तो लगेच सांगतं. बऱ्याच घरी तो बाबांचा मोबाइल नंबरच असतो, कारण जोडणी करायला आलेल्या माणसाने तोच टाकून दिलेला असतो. शेजारचा ऐकतो, तो भाच्याला सांगतो. विसर्जन होतं, पाहुणे परत जातात, पासवर्ड मात्र गावभर राहतो.

मला आज याच सवयीबद्दल लिहायचं आहे. माझं मत आधीच सांगतो. वायफाय शेजाऱ्याला जरूर द्यावं, पण कोणाला दिलं हे आपल्याला माहीत असलं पाहिजे. आणि हे घराघरात पोहोचवायचं काम शाळेचं आहे.

विनोबांच्या गावात कुलपाची गोष्ट?

गागोदे बुद्रुक हे आपल्या पेण तालुक्यातलं छोटं गाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म इथे झाला. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत त्यांना पहिलं भूदान मिळालं आणि पुढे ते वर्षानुवर्षं देशभर पायी फिरत जमीन मागत राहिले. अशा माणसाच्या गावाकडे 'वायफायला कुलूप लावा' म्हणणं कोणालाही खटकेल. शेजाऱ्याला पाणी, विस्तव, विरजण आपण कधी नाकारलं आहे का? लॉकडाऊनमध्ये तर कित्येक मुलांचा अभ्यास शेजारच्या ओटीवर बसून, त्यांच्या नेटवर झाला. ते चांगलंच झालं.

पण भूदानातलं एक साधं तत्त्व आपण विसरतो. तिथे जमीन देणारा दानपत्र लिहून द्यायचा. कोणाची जमीन, कुठली, किती हे कागदावर यायचं आणि खाली सही असायची. दान मोकळ्या मनाचं होतं, पण मोघम नव्हतं. वायफायचं आपण नेमकं उलट करतो. देतो आपण, वापरतो कोणीही, आणि सही मात्र आपली राहते.

सही कशी, ते सानपाड्याला विचारा

२६ जुलै २००८. अहमदाबादेत एकामागून एक बॉम्बस्फोट झाले, पन्नासहून जास्त माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला होता. पोलिसांनी त्याचा माग काढला, तर तो निघाला नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये. तिथे एक अमेरिकन नागरिक राहत होता. त्याची चौकशी झाली, संगणक ताब्यात गेले. शेवटी समजलं की त्याने काहीच पाठवलं नव्हतं. त्याचं वायफाय उघडं होतं आणि दुसऱ्याच कोणीतरी ते वापरलं होतं. त्याच वर्षी २३ ऑगस्टला माटुंग्याच्या एका कॉलेजच्या आणि १३ सप्टेंबरला चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून असेच ई-मेल गेले. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याबद्दल इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या.

यामागचं कारण समजून घेऊ. आपल्या घरातून नेटवर काहीही केलं की पलीकडे पोहोचतो तो घराच्या जोडणीचा पत्ता. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. कोणत्या वेळी तो पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता, हे कंपनीच्या नोंदीत असतं. आणि ग्राहक म्हणजे कोण? ज्याचं आधार कार्ड जोडणी घेताना दिलं, तो. ओटीवर बसून फोन कोण वापरत होतं हे त्या पत्त्यावरून कळत नाही. फसवणुकीचा मेसेज असो, कोणाच्या मुलीच्या फोटोचा गैरवापर असो, चौकशी आधी आपल्या दारात येणार.

आता काहीजण म्हणतील, "आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" प्रश्न लपवण्याचा नाहीच. आपली कोरी चेकबुकं आपण ओटीवर ठेवत नाही, ती काही लपवण्यासारखी गोष्ट असते म्हणून नव्हे.

संशय कोणावर जातो?

मला सगळ्यात जास्त सलतो तो मुद्दा पुढचा आहे. समजा, काही भानगड झालीच आणि घरमालक म्हणाला, "मी नाही केलं, पासवर्ड सगळ्यांकडे होता." मग बोट कोणाकडे जाईल? मुंबईहून आलेल्या पाहुण्याकडे? नाही. आपल्या तालुक्यात राहणाऱ्या प्रत्येकाला उत्तर ठाऊक आहे. संध्याकाळी भिंतीला टेकून अभ्यासाचा व्हिडिओ बघणाऱ्या वाडीवरच्या पोराकडे. त्याच्या घरी नेट नाही, म्हणून तो तिथे बसतो. त्याच्या बाजूने बोलायला कोणी नसतं आणि आपण निर्दोष आहोत हे दाखवायला त्याच्याकडे काही नसतं.

म्हणून मी म्हणतो की नीट सांभाळलेलं वायफाय मालकाला जपतं तसं त्या मुलालाही जपतं. त्याला वेगळा पासवर्ड, ठरलेली वेळ आणि घरच्यांच्या माहितीत नेट मिळालं, तर तो चोरून बसलेला राहत नाही. तो त्या घरचा पाहुणा होतो.

मोबाइल नंबर पासवर्ड का नको? गणिताच्या तासाला करून बघा

मोबाइल नंबर १० अंकी. पहिला अंक ६, ७, ८ किंवा ९. म्हणजे एकूण शक्यता ४ गुणिले १०० कोटी, ४०० कोटी. आकडा मोठा वाटतो ना? पण फोन राउटरला जोडताना जी देवाणघेवाण होते, ती घराबाहेर उभं राहून टिपता येते. मग आपल्या जागी बसून संगणकावर अंदाज करत राहायचं. चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक सेकंदाला १० लाख अंदाज सहज तपासतो. ४०० कोटी भागिले १० लाख, उत्तर ४,००० सेकंद. साधारण ६७ मिनिटं. आपल्या दोन तासिकाही पूर्ण होत नाहीत. आणि ज्याला तुमचा नंबर माहीत आहे त्याला तर एकच अंदाज पुरतो.

इंग्रजीतली आठ लहान अक्षरं घेतली तर शक्यता २०,८८३ कोटींच्या आसपास. वेळ सुमारे ५८ तास. पण २,००० साध्या शब्दांतून चिठ्ठ्या काढून पाच शब्द निवडले, तर सगळे अंदाज संपायला त्याच वेगाने हजार वर्षांहून जास्त लागतात. घातांकाचा धडा शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

हा उपक्रम मराठीच्या तासालाही होतो. ४० मुलं, प्रत्येकाने ५० शब्द लिहायचे. कौल, सुपारी, होडी, चिमटा, इरलं, काहीही. दुहेरी आलेले काढून नवे टाकायचे. टोपलीत २,००० चिठ्ठ्या. (पट कमी असेल तर प्रत्येकाला शब्द जास्त द्या.) प्रत्येक मुलाने न बघता पाच वेळा चिठ्ठी काढायची, वहीत टिपायची, परत टाकायची आणि कोणालाही दाखवायची नाही. शब्दसंपत्ती वाढते, घरी नवा पासवर्ड जातो. टाइप करताना तो इंग्रजी अक्षरांत करायचा, एवढंच. मात्र शब्द मनाने निवडू नयेत. मनाने निवडले की घराचं, देवाचं, मुलाचं नाव येतंच.

घरी करायची कामं

यासाठी इंजिनियर लागत नाही. एका रविवारी अर्ध्या तासात होतात.

१. राउटरच्या मागे किंवा खाली स्टिकर असतो. त्यावरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, इंग्रजी आकड्यांत ब्राउझरमध्ये टाकला की राउटरचं पान उघडतं. आत शिरायचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो. तो आधी बदला. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरससारख्या प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते केवळ कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. आता आपल्या गावातही सीसीटीव्ही आले आहेत, त्यांचाही पासवर्ड बदला.

२. सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए-३ असेल तर ते निवडा, नसेल तर डब्ल्यूपीए-२. जुनं डब्ल्यूईपी दिसलं तर ते वापरू नका. त्याचं कुलूप २००१ मध्येच तुटलं आहे.

३. बटण दाबून किंवा आठ अंकी पिन टाकून फोन जोडायची डब्ल्यूपीएस सोय बंद करा. त्या पिनमध्ये दोष आहे हे २०११ मध्ये उघड झालं. खरे अंदाज ११,००० च्या आतच करावे लागतात.

४. राउटरच्या पानावर अपडेट आलं असेल तर ते घ्या.

५. 'गेस्ट नेटवर्क' चालू करा. त्याला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. पाहुणे आणि शेजारची मुलं त्यावर. घरचे फोन, कॅमेरा, टीव्ही मुख्य नेटवर्कवर. पाहुणे गेले की गेस्टचा पासवर्ड बदला, घरच्यांना त्याचा त्रास होत नाही. एक लक्षात ठेवा, गेस्टवरून केलेलंही बाहेर आपल्याच नावाने जातं. म्हणून तो पासवर्डही भिंतीवर लिहायचा नाही आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही. फुकट वायफाय शोधून देणारी काही ॲप्स तर आपला पासवर्ड अनोळखी लोकांनाही वाटतात, मुलांना ती घेऊ देऊ नका.

आणि फसवणूक झालीच तर घाबरून गप्प बसू नका. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे, तो मुलांना पाठ असू द्या.

हे शाळेचं काम का?

"हे कॉम्प्युटरवाल्या सरांचं काम," असं आपल्या स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणेलच. मला ते पटत नाही. बहुतेक घरांत राउटरचा खरा कारभारी शाळेत जाणारं मूल असतं. पासवर्ड तेच सांगतं, तेच बदलतं, आजीचा फोन तेच जोडून देतं. कारभार त्याच्याकडे आहे, मग जबाबदारीची समज त्याला कोण देणार? आपण रस्ता ओलांडायला शिकवतो, तसंच हेही.

सरकारनेही सार्वजनिक नेटची सोय करताना हेच तत्त्व पाळलं आहे. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत चहाच्या टपरीवरसुद्धा सार्वजनिक वायफाय देता येतं, पण वापरणाऱ्याला आधी आपली ओळख नोंदवावी लागते. म्हणजे वाटप बंद झालेलं नाही, वाटपाला नाव लागलं आहे.

तेव्हा येत्या आठवड्यात एक तासिका काढा. चिठ्ठ्यांचा खेळ घ्या, गणित करा, आणि मुलांना घरी एकच प्रश्न विचारायला सांगा, "आपलं वायफाय सध्या कोणाकोणाकडे आहे?" यादी आठवेना झाली, तर त्याच संध्याकाळी पासवर्ड बदलायला हवा. आणि बदलल्यावर, शेजारच्या त्या मुलाला हाक मारून गेस्टचा पासवर्ड त्याच्या हातात द्या.