टॉवरवरचा माणूस आणि आपण

कयाकवरून मासेमारी करणाऱ्या जमातीत (हो, आमची जमातच आहे) एक आवडता उद्योग म्हणजे लाईफगार्डच्या नावाने बोटं मोडणं. "इथून नको, तिकडून जा", "गाडी हलव", "जरा थांब". पहाटे साडेचारला उठून, गाडीच्या टपावर बारा-तेरा फुटी प्लास्टिकची बोट बांधून आलेल्या माणसाचं डोकं फिरणारच. पण माझं मत जरा वेगळं आहे मंडळी.

आमच्या सॅन डिएगोचा ला होया शोअर्स घ्या. तिथे एक रस्ता थेट वाळूत उतरतो आणि आम्ही तिथून बोटी पाण्यात घालतो. लाटा त्यातल्या त्यात लहान, आणि किनाऱ्यापासून जवळच समुद्राखाली खोल दरी, त्यामुळे यलोटेलसारखा तगडा मासा वल्ह्याच्या टप्प्यात. पण तीच जागा पोहणाऱ्यांना, डायव्हिंग शिकणाऱ्यांना आणि टूरवाल्यांनाही हवी असते. उन्हाळ्याच्या शेवटी तर उथळ पाण्यात लेपर्ड शार्क जमतात (बिचारे निरुपद्रवी असतात), आणि ते बघायला स्नॉर्केल लावून, तोंड पाण्यात घालून माणसं तरंगत असतात. मागून येणारी बोट त्यांना दिसणार कशी?

आता परत येतानाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. सामानासकट चाळीस-पन्नास किलोची बोट. लाट तिला मागून उचलते, बोट आडवी होते, आणि मग ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही. गळ, रॉड, वल्हं सगळं हवेत. समोर गुडघाभर पाण्यात पाच वर्षांचं पोर उभं असेल तर? टॉवरवरचा माणूस दिवसभर हेच डोक्यात घेऊन बसलेला असतो. आपल्या डोक्यात मासा असतो, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट रिकाम्या बोटीची. वाऱ्याने वाहून गेलेली कयाक कुणाला दिसली, की माणूस बुडाला असंच धरून शोध सुरू करावा लागतो. म्हणूनच अमेरिकेचं कोस्ट गार्ड सांगतं, की बोटीवर नाव आणि फोन नंबर लिहा. मार्करने दोन मिनिटांचं काम, तरी किती जण करतात? लाखभर रुपयांची बोट घेऊन, नंबर लिहिला तर खराब दिसेल म्हणणारे महाभाग मला माहीत आहेत :-)

अर्थात लाईफगार्ड म्हणतील ते ब्रह्मवाक्य, असंही नाही. काही किनाऱ्यांवर नियम ड्युटीवर कोण आहे त्यावर बदलतात, हे मला अजिबात पटत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर हा डॉक्युमेंटेशन नसलेला एपीआय झाला. कुठून उतरायचं, कुठून परत यायचं, किती वाजल्यानंतर नाही, याची एक सरळ पाटी लावा ना. ला होयाला बोट उतरवतो तो पट्टा सागरी राखीव क्षेत्रात येतो (२०१२ साली हद्दी नव्याने आखल्या), तिथे गळ टाकायचा नाही. हद्द नकाशावर आखलेली आहे, त्यामुळे त्यावर वाद होत नाहीत. लाटांच्या पट्ट्याचंही तसंच करता येईल.

तोवर मी काय करतो? टॉवरपाशी जातो, आम्ही किती जण, कोणत्या दिशेला, साधारण किती वाजता परत, हे सांगतो. परत आलो की हात करतो. याचा फायदा त्यांनाही आहे. आम्ही दोन-तीन किलोमीटर आत असतो, व्हीएचएफ रेडिओ जवळ असतो, आणि थकलेला पॅडलबोर्डवाला टॉवरआधी आम्हालाच दिसू शकतो.

गोव्यात २००८ पासून दृष्टीचे जीवरक्षक किनाऱ्यांवर आहेत. लाल बावटा असताना त्यांच्याशी हुज्जत घालणारे आपलेच लोक पाहिले, की वाटतं हा रोग काही फक्त कॅलिफोर्नियाचा नाही. असो. पुढच्या शनिवारी यायचं असेल तर कळवा, मात्र लाईफ जॅकेट अंगात हवं, बोटीच्या मागच्या खणात नको.