मनमिळाऊ म्हणजे काय?



दरवर्षी चौथीच्या वर्गात 'माझा आवडता मित्र' हा निबंध येतो आणि दरवर्षी बहुतेक वह्यांमध्ये एक वाक्य हमखास सापडतं, 'माझा मित्र मनमिळाऊ आहे.' मीच ते फळ्यावर लिहून दिलेलं असतं, मुलांचा काय दोष! यंदा लिहून द्यायच्या आधी विचारलं, "मनमिळाऊ म्हणजे काय रे?" एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, जो कुणाशी भांडत नाही तो." मागून एकजण म्हणाला, "सगळ्यांना हो म्हणणारा."

मी खडू हातात धरून जरा वेळ तसाच उभा राहिलो. कारण हा शब्द ज्याला खरोखर शोभला तो माझा मित्र चांगला कडाकडा भांडायचा आणि 'नाही' तर तोंडावर म्हणायचा. गेल्या वर्षी पावसाळ्यात दुचाकीच्या अपघातात तो गेला. 37 वर्षांचा होता. डी.एड.ला आम्ही एका खोलीत राहिलो, पुढे महिना 3,000 रुपये मानधनावर शिक्षणसेवक म्हणून बीड जिल्ह्यात एकाच केंद्रात लागलो. त्याची वस्तीवरची दोनशिक्षकी शाळा, माझी सहा किलोमीटर अलीकडे.

तो गेल्यावर ग्रुपवर दोन दिवस 'भावपूर्ण श्रद्धांजली' चाललं. शोकसभेत प्रत्येकजण म्हणाला, देवमाणूस होता. मला तो शब्द खटकला, अजूनही खटकतो. देवमाणूस म्हटलं की आपली सुटका होते. देवाला जमतं ते आपल्याला कुठून जमणार? पण त्याच्याजवळ होती ती एक रीत होती आणि ती कुणालाही शिकता येईल अशी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

रीत अशी. कुणाकडेही पूर्ण गोष्ट मागायची नाही. अर्धी एकाकडे मागायची आणि उरलेली अर्धी त्याच्याशी न बोलणाऱ्या माणसाकडे.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत जेवायची सुट्टी झाली की एका संघटनेचे लोक लिंबाखाली बसायचे, दुसऱ्या संघटनेचे व्हरांड्यात. हा डब्यात फक्त भाकरी आणि ठेचा आणायचा, भाजी कधीच नाही. आधी लिंबाखाली जाऊन भाकरी वाटायचा, मग व्हरांड्यातून भाजी मागून आणून लिंबाखाली ठेवायचा. डबा कुणाचा, तो परत कुणी न्यायचा, यावरून लोकांना उठून इकडून तिकडे जावंच लागायचं. दोन वर्षांत सतरंजी एकच झाली. मी मात्र बरेच दिवस समजत होतो, की याच्या घरी भाजी करत नाहीत!

खरी परीक्षा दसऱ्यानंतर असायची. आमच्याकडे मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि पार उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. पोरगं आईबापासोबत कारखान्याच्या तळावर गेलं, की त्याचं निम्मं वर्ष कोपीत जातं. एका वर्षी हंगामी वसतिगृह सुरू व्हायला वेळ होता आणि सात मुलं बैलगाडीत बसायच्या तयारीत होती. वस्तीवर दोन आज्या होत्या. शेजारी शेजारी घर, पण बांधाच्या भांडणावरून नऊ वर्षं बोलणं बंद. एकीला हा म्हणाला, "आजी, पीठ मी आणतो, पोरांच्या भाकरी तुम्ही थापा." दुसरीला म्हणाला, "आजी, पोरं रात्री तुमच्या ओसरीवर निजतील." दोघींनी विचारलं, तिकडं काहून? हा म्हणाला, "तुमच्या एकटीवर सगळा भार कसा टाकू?"

रोज संध्याकाळी भाकरीची दुरडी पोरं या घरातून त्या घरात न्यायची. एके दिवशी दुरडी आलीच नाही. वाट बघून बघून ओसरीवाल्या आजी स्वतः उठून गेल्या, तर भाकरीवाल्या आजी तापानं फणफणलेल्या. त्या दिवशीच्या भाकरी ओसरीवाल्या आजींनी त्यांच्याच चुलीवर थापल्या. बांध अजून जागच्या जागी आहे, खटलाही चालू आहे. पण दोघी बोलायला लागल्या आणि सातही मुलं वार्षिक परीक्षेला वर्गात होती.

शिक्षण हक्क कायदा 2009 सांगतो, की शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला. आपण तेवढी नावं कागदावर बसवतो, सह्या घेतो, झालं. ती माणसं एकमेकांच्या शेजारी कशी बसतील हे कुठल्याच परिपत्रकात नसतं. तो ते काम करत होता, आणि कुठल्याही माहिती-तक्त्यात त्याचा रकाना नव्हता.

तक्त्यांवरून आठवलं, ऑनलाइन माहिती भरण्यात हा माणूस कायम शेवटचा. कितीतरी वेळा रात्री अकराला त्याची माहिती मी भरून दिली आहे, शिव्या देत. रीतही दरवेळी चालायची नाही. एका स्नेहसंमेलनाला मांडव एका भावकीकडून मागितला, लाऊडस्पीकर दुसऱ्या भावकीकडून. मांडव आला, स्पीकर आलाच नाही. सगळा कार्यक्रम हा ओरडून पुकारत होता, नंतर चार दिवस वर्गात खुणेनं शिकवलं.

आता माझं. बदलीच्या यादीवर केंद्रातल्या एका सरांनी माझ्याविरुद्ध हरकत घेतली होती. तेव्हापासून तीन वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहत नव्हतो. अपघाताच्या दोन महिने आधी मित्र शाळेवर आला आणि म्हणाला, "जोडाक्षरांची कार्डं करायचीत. चित्रं तू काढ, शब्द सर लिहितील. तुझं अक्षर बेकार, त्यांची चित्रं बेकार." मी चिडलो, पण चित्रं काढायला घेतली. तो गेला आणि ती कपाटात पडून राहिली.

त्या निबंधाच्या तासानंतर मधल्या सुट्टीत मी सरांना फोन लावला. त्यांनी उचलला. थोडा वेळ दोघंही गप्प. मग तेच म्हणाले, "चित्रं किती झालीत?"

"64."

"माझे 80 शब्द वर्षभर लिहून पडलेत, सर."

शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते येणार आहेत. 16 चित्रं तेवढी राहिलीत, आज रात्री बसतो.